‘तसलं’ औषध



यंदाच्या पावसाळ्यात मला एक ट्यूब विकत घ्यायची होती. दाढेसाठी अँटिबायोटिकचा कोर्स चालू होता आणि तो संपायच्या आतच खाली खाज सुटली. खाज अशी की बैठकीत सरळ बसवेना, रात्री झोप लागेना, लघवीला गेलं की आग. दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर तीन पुरुष उभे. त्यांचं आटपेपर्यंत मी बाजूला थांबले. त्यांचं आटपलं तोवर आणखी दोघे आले. शेवटी धीर करून म्हटलं, “खाजेची ट्यूब द्या.” काउंटरवरच्या मुलानं विचारलं, “कुठं खाज आहे, काकू?” आणि वीस-बावीस वर्षं शिबिरांतून बायकांना ‘आपलं शरीर आपण ओळखू या’ असं सांगत फिरणारी मी त्याला म्हणाले, “हाताला.”

त्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही. हाताच्या खाजेला त्याच्याकडे जे खपतं ते त्यानं दिलं. लावल्यावर तासाभरात खाज थांबली. वाटलं, सुटलो. चार दिवसांनी ट्यूब बंद केली तर खाज दुपटीनं परत. पुन्हा लावली, पुन्हा थांबली, पुन्हा आली. असं पंधरा दिवस चाललं. कातडी लालबुंद आणि इतकी नाजूक झाली की साधं पाणी लागलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. तेव्हा कुठे आमच्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे गेले. तिनं आधी नीट तपासलं. मग ट्यूबचं खोकं मागितलं, चष्मा कपाळावर सरकवून त्यावरची मुंगीच्या पायाएवढी अक्षरं वाचली आणि माझ्याकडे बघत राहिली. त्यात तीन औषधं एकत्र होती. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं, आणि तिसरं क्लोबेटासोल नावाचं फार जोरदार स्टिरॉइड. स्टिरॉइडनं खाज आणि सूज दबते, त्यामुळे बाईला वाटतं गुण आला. पण त्याच वेळी त्या जागेची स्वतःची प्रतिकारशक्तीही दबते, कातडी पातळ होते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

मला झाली होती ती साधी बुरशीची लागण. अँटिबायोटिकनंतर पुष्कळजणींना होते. मैत्रिणीनं क्लोट्रिमॅझोलच्या सहा गोळ्या दिल्या, रोज रात्री एक अंगात ठेवायची. आठवड्यात मी मोकळी झाले. कातडी पूर्ववत व्हायला मात्र महिना लागला.

ही हकिगत मी आमच्या पुढच्या आरोग्य शिबिरात जशीच्या तशी सांगितली. आधी हशा पिकला, मग जरा शांतता पसरली, आणि मग एकेक जण बोलू लागली. दुसऱ्या दिवशी येताना प्रत्येकीनं घरी असेल ते ‘तसलं’ औषध घेऊन यावं असं ठरलं. त्या दिवशी सतरंजीवर जो ढीग पडला तो बघण्यासारखा होता. स्टिरॉइड मिसळलेल्या, माझ्या ट्यूबच्या चुलत बहिणी शोभतील अशा किती तरी ट्यूबा. नवऱ्याच्या जांघेतल्या गजकर्णासाठी आणलेलं मलम तिनंही वापरलेलं. तीन प्रकारच्या चार मोठ्या गोळ्यांचं एक पाकीट, त्यातली एकच गोळी खाल्लेली, कारण “बाकीच्या उष्ण पडतात”. गुलाबी बाटलीतला ‘तिथला’ साबण. जंतुनाशकाची बाटली, पाण्यात टाकून आत धुवायला. पांढरं जाण्यावरचं आयुर्वेदिक पातळ औषध. शक्तीच्या गोळ्या. एका मावशींनी रिकाम्या हातानं येऊन सांगितलं, “मी काहीच आणलं नाही, कारण मी कुणाला काही मागितलंच नाही. अकरा वर्षं झाली.”

त्या ढिगात योनीमार्गात ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी, म्हणजे ज्या आजारासाठी निम्म्या बायकांनी हे सगळं आणलं होतं त्याचं सरळ साधं औषध, एकीकडेही नव्हतं. ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. महाग नाही, नवी नाही, दुर्मिळही नाही. मेडिकलच्या कपाटात ती असते. फक्त ती मागायला जे नाव तोंडातून यावं लागतं ते येत नाही, आणि देणाराही ते विचारत नाही.

म्हणून हे संपादकीय या गोळीविषयी आहे. आणि त्या काउंटरविषयी.

आधी आजाराचं सांगते. कँडिडा नावाची एक बुरशी आपल्यापैकी अनेकींच्या अंगात एरवीही असतेच, कुणाला न त्रास देता. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जंतू आम्ल तयार करतात आणि सगळ्यांना आपापल्या जागी ठेवतात. अँटिबायोटिकनं हे राखणदार मेले, गरोदरपणात संप्रेरकं बदलली, रक्तातली साखर वाढली, किंवा शरीराची प्रतिकारशक्ती उतरली, की बुरशी माजते. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतं असं वैद्यकाची पुस्तकं सांगतात. म्हणजे हा घाणेरड्या बाईचा आजार नाही. वाईट चालीच्या बाईचा तर नाहीच. लग्न न झालेल्या मुलीलाही होतो, आणि तिच्या आईला आम्ही हे शिबिरात तीनतीनदा सांगतो, कारण मुलगी “तिथं खाजतंय” म्हणाली की आईच्या डोळ्यांत पहिला प्रश्न औषधाचा येत नाही. आपल्याला शिकवलं गेलं की जास्त धुवा. खरं तर आतून धुतल्यानं, साबणानं, जंतुनाशकानं ते राखणदारच वाहून जातात. २०१२ साली तर तिथला रंग उजळवणाऱ्या साबणाची जाहिरात दूरदर्शन संचांवर झळकली आणि त्यावर भरपूर ओरड झाली. ओरड झाली तरी ‘तिथल्या’ साबणांचा धंदा काही बसला नाही. बाहेरून साधं पाणी पुरतं. आत काहीही नको.

आता ‘अंगावरून पांढरं जाणं’ म्हणजे काय ते. आपल्याकडे कुणी याला धुपणी म्हणतं, कुणी श्वेतप्रदर, कुणी म्हणतं धातू जातो आणि हाडं झिजतात. यातलं बरंचसं पांढरं हा मुळात आजारच नसतो. पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं पाणी जातं. गरोदरपणात जास्त जातं. खाज नाही, वास नाही, आग नाही, तर ते शरीराचं रोजचं काम आहे. त्यानं हाडं झिजत नाहीत. हे नुसतं कळल्यावर आमच्या शिबिरातल्या दोघींनी शक्तीच्या गोळ्या बंद केल्या आणि त्या पैशांचे शेंगदाणे-गूळ आणले.

आजाराचं पांढरं मुख्यतः तीन तऱ्हांचं. बुरशीचं असेल तर ते दह्याच्या किंवा फुटलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखं, वास जवळजवळ नाही, पण खाज आणि आग भयंकर. दुसरी तऱ्हा म्हणजे ते राखणदार जंतू कमी होऊन दुसरे वाढलेले. पातळ, राखाडी, आणि मासळीसारखा वास, विशेषतः संबंधानंतर. खाज फारशी नसते. तिसरी ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्म जिवाची. पिवळसर-हिरवं, कधी फेसाळ, वास आणि खाज दोन्ही, आणि ही संबंधातून येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेला मेट्रोनिडॅझोलसारखं औषध लागतं, आणि तिसरीत नवऱ्यालाही द्यावं लागतं, नाहीतर तो ते परत आणून देतो. बुरशीचं औषध या दोन्हींवर चालत नाही. आणि बुरशीत नवऱ्याला सहसा औषधाची गरज नसते.

मी हे वर्णन फळ्यावर काढते तेव्हा ते जितकं स्वच्छ दिसतं तितकं अंगात दिसत नाही, हेही सांगायला हवं. दोन तऱ्हा एकत्र असू शकतात. अमेरिकेत क्लोट्रिमॅझोल आणि तिच्या जातीची औषधं १९९०-९१ पासून चिठ्ठीशिवाय मिळू लागली. तिथं स्वतःच निदान करून ही औषधं विकत घेणाऱ्या ९५ जणींची प्रत्यक्ष तपासणी करून २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या जेमतेम तिघींत एकीला निव्वळ बुरशी होती. बाकीच्यांना दुसरं काही, किंवा दोन गोष्टी एकत्र, काहींना काहीच नाही. शिकलेल्या, खोक्यावरचं वाचू शकणाऱ्या बायका होत्या त्या.

आमच्या संपादक मंडळात यावरून चांगलाच वाद झाला. डॉक्टर मैत्रीण म्हणाली, “बघा, म्हणूनच मी म्हणते, तपासल्याशिवाय औषध नको.” दुसरी, जी गेली पंधरा वर्षं तांड्यांवर काम करते, ती उसळून म्हणाली, “तपासायला कोण बसलंय? बाई डॉक्टर तालुक्याला आठवड्यातून एकदा. एसटीचं भाडं, एक दिवसाची मजुरी, आणि तिथं गेल्यावर पडदाही न ओढता पाय फाकव म्हणणार. त्यापेक्षा मेडिकल बरं. तिथं निदान कपडे उतरवावे लागत नाहीत.”

दोघींचंही खरं आहे, असं म्हणून मी सुटणार नाही. माझं मत तांड्यावरच्या मैत्रिणीच्या बाजूला झुकतं. जिला पूर्वी एकदा तपासून बुरशी असल्याचं सांगितलं गेलं आहे आणि आता तीच लक्षणं ओळखीची वाटतात, तिला क्लोट्रिमॅझोलची गोळी कुणाच्या चिठ्ठीविना, कुणाच्या नजरेविना मिळाली पाहिजे. स्वतःच्या खाजेचा इलाज करायला दर वेळी परवानगी काढावी लागू नये. लॉस एंजेलिसमध्ये १९७१ साली कॅरोल डाउनर आणि तिच्या सोबतिणी आरसा आणि स्पेक्युलम घेऊन स्वतःचं शरीर बघायला बसल्या, तेव्हापासूनची ही मागणी आहे. आणि बुरशीवरच्या औषधाची गोष्ट काढलीच आहे तर हेही आठवू या की माणसाला देता येईल असं बुरशीवरचं पहिलं उपयुक्त औषध दोन बायकांनी शोधलं. न्यूयॉर्क शहरातली एलिझाबेथ हेझन मातीच्या नमुन्यांतून जंतू वाढवायची आणि बरण्या टपालानं ऑल्बनीला रेचल ब्राउनकडे पाठवायची. ती त्यातला अर्क वेगळा काढून परत टपालानं धाडायची. १९५० साली त्यांनी निस्टॅटिन जाहीर केलं, न्यूयॉर्क स्टेटवरून ते नाव. त्याच्या स्वामित्वाचे लाखो डॉलर त्यांनी स्वतःकडे न ठेवता संशोधनाला दिले. आपल्या अंगात ठेवायच्या गोळीच्या मुळाशी दोन बायकांचा टपालखर्च आहे, हे मला फार आवडतं.

पण पहिल्यांदाच त्रास होत असेल, तर एकदा तपासणी हवीच. इथं मी डॉक्टर मैत्रिणीपुढे मान तुकवते. पुढीलपैकी काहीही असेल तरीही मेडिकलच्या भरवशावर राहू नका: ओटीपोटात दुखतं, ताप आहे, पाण्याला दुर्गंधी आहे किंवा रक्त लागतं, संबंधानंतर रक्त जातं, फोड किंवा जखम आहे, दिवस गेलेले आहेत. पाळी गेल्यानंतरची खाज बहुतेकदा बुरशीची नसतेच, कोरडेपणाची किंवा कातडीच्या वेगळ्या आजाराची असते. आणि पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे. वर्षात तीन-चारदा बुरशी उलटली तर साखर तपासायची, एचआयव्हीची तपासणीही करून घ्यायची, न घाबरता. मधुमेहाच्या मैत्रिणींसाठी एक नवी गोष्ट. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून त्या घेणाऱ्यांना ही खाज जास्त होते. पेटंट संपल्यामुळे, पहिलीचं २०२० मध्ये आणि दुसरीचं २०२५ मध्ये, या गोळ्या आता स्वस्त आणि घरोघरी झाल्या आहेत. गोळी देताना हे फार थोडे डॉक्टर सांगतात. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण डॉक्टरांना जाऊन विचारा.

आता औषध. क्लोट्रिमॅझोलची योनीमार्गात ठेवायची गोळी १०० मिलिग्रॅमची असेल तर सहा-सात रात्री, २०० ची असेल तर तीन रात्री, ५०० ची असेल तर एकच रात्र. गुण साधारण सारखाच. रात्री झोपताना हात स्वच्छ धुवून, पाठीवर पडून गुडघे दुमडायचे आणि गोळी पाण्यात जराशी ओली करून बोटानं जाईल तितकी आत सरकवायची. सकाळी चुन्यासारखं थोडं बाहेर येतं, त्याला घाबरायचं नाही. पाळी चालू असताना ठेवू नका, वाहून जाते. खाज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थांबली तरी गोळ्या पुऱ्या करा. बाहेरच्या खाजेला नुसत्या क्लोट्रिमॅझोलचं एक टक्क्याचं क्रीम लावता येतं. या गोळ्या-क्रीमनं निरोधचं रबर कमजोर होतं, तेव्हा त्या दिवसांत त्याच्यावर विसंबू नका. आठवड्यात फरक नाही पडला तर ती बहुधा बुरशी नाही, किंवा ती दुसऱ्या जातीची आहे. मग तपासणी.

दुसरा मार्ग तोंडावाटे घ्यायची फ्लुकोनॅझोल, १५० मिलिग्रॅमची एकच गोळी. आत काही ठेवायला नको म्हणून मुलींना हीच सोपी वाटते. पण दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर ही घ्यायची नाही. रक्त पातळ करणाऱ्या आणि इतर काही औषधांशी हिचं जुळत नाही. पाकिटावर चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं, तरी ती सर्रास मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच निदान दिवस राहिलेत का हा एक प्रश्न विकणाऱ्यानं विचारला पाहिजे. गरोदरपणात अंगात ठेवायची क्लोट्रिमॅझोलच, तीही डॉक्टरांना विचारून.

घरगुती उपायांचं विचाराल तर दही खा, ते चांगलंच आहे. पण आत दही भरल्यानं लागण बरी होते याला भक्कम पुरावा नाही. लसणीची पाकळी आत ठेवून पोळून घेतलेली एक मैत्रीण मी स्वतः पाहिली आहे. बोरिक ॲसिड काही डॉक्टर चिवट बुरशीला देतात, पण ते पोटात गेलं तर विष आहे. घरी पुड्या बांधू नका. सुती कपडे, सैल सलवार, पाळीचे कपडे उन्हात वाळवणं, हे सगळं खरंच. पण पावसाळ्यात एका खोलीच्या घरात पाळीचं कापड उन्हात कुठं वाळवायचं, हा सल्ला देणाऱ्यानं आधी सांगावं.

आणि काय घ्यायचं नाही. ट्यूबच्या खोक्यावर क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव असेल तर ती ट्यूब बुरशीसाठी नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं अशा स्टिरॉइडच्या क्रीमना चिठ्ठी सक्तीची केली आणि त्याच वर्षी ३२८ मिश्र औषधांवर बंदीही घातली. काउंटरवर त्याचा किती परिणाम दिसतो ते आमच्या सतरंजीवर दिसलं. देशभर जे चिवट, औषधाला दाद न देणारं गजकर्ण पसरलं आहे त्यातही या मिश्र ट्यूबांचा हात आहे असं त्वचारोगतज्ज्ञ बरीच वर्षं सांगत आहेत. खोक्यावरची नावं इंग्रजीत, बारीक. ज्या बाईला हे सर्वात जास्त कळायला हवं तिलाच ते वाचता येऊ नये अशी ही सोय आहे.

एका खाजेवर इतकी पानं कशाला, असं काहीजणींना वाटेल. आपल्यापुढे हिंसाचाराचे, जमिनीचे, रेशनचे प्रश्न आहेत. मला यावर दोन गोष्टी आठवतात. १९८९ च्या जानेवारीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ६५० जणींची तपासणी झाली. त्यातल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक काही ना काही होतं. आणि त्याआधी कधी तरी तपासणी आणि उपचार मिळालेल्या होत्या फक्त ८ टक्के. गर्भनिरोधनापलीकडे बाईच्या शरीरात सरकारला रस नाही, हे आपण ओरडून सांगत होतो, त्याला त्या आकड्यांनी पाया दिला.

दुसरी गोष्ट बीडची. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयं काढण्याचा प्रश्न पुढे आला, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कारणं अनेक आहेत. उचल, कोयत्याचा हिशेब, खाडा झाला की दंड, फडावर ना पाणी ना संडास ना आडोसा. पण त्यातल्या किती तरी जणींची कहाणी ‘अंगावरून पांढरं जातं’ या तीन शब्दांपासून सुरू होते. पांढरं जातं म्हणून बाई गेली, पिशवी सडली आहे, कॅन्सर होईल म्हणून भीती घातली गेली, आणि कर्ज काढून पिशवी काढली. वयाची तिशी नाही ओलांडली. ते पांढरं बुरशीचं होतं का, जंतूंचं होतं, की रोजचंच होतं, हे काचपट्टीवर घेऊन कुणी पाहिलं होतं का? आठवडाभराच्या गोळीचा आजार ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जातो तो या न पाहण्यामुळे.

पाहणं अवघड आहे का? प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवताप आणि क्षयासाठी सूक्ष्मदर्शक यंत्र असतं, ते बघणारा तंत्रज्ञ असतो. त्याच यंत्राखाली योनीमार्गातल्या पाण्याचा थेंब मिठाच्या पाण्यात ठेवला तर ट्रायकोमोनास पोहताना दिसतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवला तर बुरशीचे धागे दिसतात. आम्लता मोजायची कागदाची पट्टी तर त्याहून सोपी. बुरशीत आम्लता सहसा नेहमीचीच, साडेचारच्या आत राहते, बाकी दोन्हींत आकडा त्याच्या वर जातो. यासाठी नवी इमारत नको, नवं यंत्र नको. सरकारी दवाखान्यात पांढऱ्यासाठी हिरव्या रंगाचं, दोन नंबरचं किट फुकट मिळतं, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतं. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ते मागा. तपासायची सोय नसताना हे किट बरंच म्हणायचं. पण लक्षण ऐकून दोन्ही औषधं एकदम देऊन टाकणं हा तात्पुरता उपाय होता, तो आता कायमचा झाला आहे. म्हणून आम्ही तीन केंद्रांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्रं दिली आहेत, की आठवड्यातून एक दुपार बायकांसाठी, पडद्यासकट, सिस्टरसकट, आणि सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर आमचाही एक थेंब. एकाचं उत्तर आलं आहे: तंत्रज्ञाला विचारून कळवतो.

मेडिकलवाल्यांकडेही आम्ही गेलो. गावातल्या दुकानदारांपैकी एक म्हातारे गृहस्थ चांगले निघाले. म्हणाले, “बाई, आम्हालाही विचारायला लाज वाटते. तुमच्या बायका नुसतं ‘ते’ म्हणतात, आम्ही अंदाजानं देतो.” मग त्यांनीच सुचवलं, तुम्ही लिहून आणा, आम्ही न बोलता देतो. त्यांच्या सुनेनं बी. फार्म. केलेलं आहे, ती दुपारी दोन ते पाच दुकानात असते, हेही तेव्हाच कळलं. आता आमच्या बायका त्या वेळेला जातात.

त्यांच्या सूचनेप्रमाणे या अंकाच्या मलपृष्ठावर कापून घ्यायच्या चार चिठ्ठ्या छापल्या आहेत. त्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत, एवढंच आहे: “योनीमार्गात ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी द्यावी. स्टिरॉइड असलेलं काहीही नको. दिवस गेलेले आहेत / नाहीत.” मागच्या बाजूला कोणत्या लक्षणांत ही चिठ्ठी वापरायची नाही ते. एक स्वतःसाठी ठेवा, बाकीच्या बैठकीत द्या. आणि चिठ्ठी दिल्यावर काउंटरवरून हातात काय आलं त्याचं रिकामं खोकं आमच्या पत्त्यावर पाठवा, दुकानाचं नाव न लिहिता, नुसतं गाव आणि महिना लिहून. दिवाळीपर्यंत जेवढी खोकी जमतील ती सतरंजीवर मांडून मोजू, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तो ढीग पिशवीत भरून आपण स्वतः घेऊन जाऊ.

अकरा वर्षं काही न मागितलेल्या त्या मावशींनी शिबिराच्या शेवटी दोन चिठ्ठ्या मागून घेतल्या. दुसरी कुणासाठी, विचारलं. म्हणाल्या, “सुनेसाठी. तीपण बोलत नाही.”